लॅम्ब्रेटा ली १५० : गरम झाली की रेस उतरत नाही, चढाला जाम होते

अनगोळकर | दसरा, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय. गाडीचं दुखणं अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

गाडी लॅम्ब्रेटा ली १५० स्कूटर, दुसरी सिरीज, मुंबईत एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीने जोडलेली. बाबांनी १९६८ साली घेतली, आरसी बुकावर अजून मैसूर राज्य आहे. यळ्ळूरच्या शेतात जाताना मी पुढं उभा, मागं आई, असं माझं लहानपण या गाडीवर गेलं. बाबा २०१९ ला गेले. त्याआधी अकरा वर्षं गाडी पडवीत घोंगड्याखाली उभी होती. गेल्या उन्हाळ्यात मी बाहेर काढली.

गावातल्याच एका गॅरेजात इंजिन खोलून घेतलं. बोअर करून पहिल्या ओव्हरसाइजचा पिस्टन, नव्या रिंगा, क्लच प्लेटा, सगळ्या वायरी. खर्च झाला, त्याचं काही नाही.

आता दुखणं. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते, आवाज छान. आठ-दहा किलोमीटर गेलं की थ्रॉटल बंद केला तरी रेस खाली येत नाही. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन वरच्या सुरात ओरडत राहतं, कधी कधी आपोआप अजून चढतं. एकदा कट-ऑफचं बटण दाबून धरलं तरी चार-पाच सेकंद चालूच राहिली. त्या वेळी खरंच घाबरलो.

काल खंडेनवमीला पूजा केली आणि आज कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला निघालो. किणये गेलं, कुसमळीचा पूल ओलांडला. पुढच्या चढाला आधी आवाज बारीक आणि कोरडा झाला, ओढ कमी झाली, आणि काही कळायच्या आत मागचं चाक करकचून धरलं. क्लच ओढला म्हणून पडलो नाही. अर्धा-पाऊण तास झाडाखाली बसलो, मग किक मोकळी झाली आणि हळूहळू घरी आलो. प्लग काढून बघितला तर चुन्यासारखा पांढराफेक.

आजवर केलेले उपाय: कार्बोरेटर तीनदा खोलून साफ केला, मेन जेट (पेट्रोल येतं ते बारीक भोक) दोन नंबरांनी वाढवला, पॉइंट आणि कंडेन्सर बदलला, पॉइंटची फट ०.४० मिमी ठेवली, टाकी धुतली. जेट वाढवल्यावर चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. ही गाडी मला शोभेला ठेवायची नाही, चालवायची आहे. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.


तवंदीघाट | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:३०

अनगोळकर, पडला नाहीत हे महत्त्वाचं. चढाला गाडी जाम झाली की काय होतं ते मी निपाणीहून संकेश्वरला जाताना भोगलंय. मागून ट्रक येत असतात.

पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इतकं नक्की. कार्बोरेटर साफ असेल तर मागं मागं जात तपासा. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत ओढ बसते आणि दहा किलोमीटरनंतर पेट्रोलची धार बारीक होते. माझ्या गाडीला हेच झालं होतं, रंगाऱ्याने भोकावरच रंग मारला होता. गाडी त्रास द्यायला लागली की उभी करून झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला तर दुखणं तिथंच. नाही आला तर नळी काढून बाटलीत धार बघा, अखंड पडली पाहिजे.


जुनाबाजार | सकाळी ९:०५

धागा बघून बरं वाटलं. मी आता पंच्याहत्तरीचा आहे. आमच्या काळात लॅम्ब्रेटा दारात उभी असणं म्हणजे घराची ओळख होती. अमक्यांचं घर कुठं, तर लॅम्ब्रेटा उभी आहे तिथं.

तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. मिलानच्या लांब्राते भागात फर्डिनांडो इनोचेंती यांचा नळ्यांचा कारखाना होता. युद्धात तो उद्ध्वस्त झाला आणि १९४७ साली तिथूनच पहिली लॅम्ब्रेटा निघाली. शेजारून लांब्रो नदी वाहते, तिच्यावरून नाव. ली मालिका १९५८ची. इटलीत १९७१ला उत्पादन थांबलं आणि सगळी यंत्रसामग्री भारत सरकारने लखनौला आणली, तिथं विजय सुपर बनू लागली. मुंबईची एपीआय त्याच्या कितीतरी आधीपासून ली १५० जोडत होती. इटलीत दुसरी सिरीज १९६१च्या सुमारास संपली, आपल्याकडे मात्र पुढंही चालू राहिली. म्हणून १९६८ची गाडी दुसऱ्या सिरीजची, हे बरोबर आहे.

आता दुखण्याबद्दल. तेल किती घालता? मी पहिल्यापासून लिटरला ४० मिली घालत आलोय. जाम होते म्हणजे तेल कमी पडतंय. मी असतो तर ५०-६० केलं असतं. आणि सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरण पूर्ण आहे का ते बघा. मॅग्नेटच्या पंख्याची हवा त्या पत्र्यातूनच हेडवर जाते. बरेच मेस्त्री ते परत बसवताना स्क्रू गाळतात.


खानापूरचा | सकाळी ११:४०

काकांच्या पत्र्याच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे भाताच्या दिवसांत गाडी पडवीत पंधरा दिवस उभी राहिली तर त्या पत्र्याच्या आत उंदीर घर करतो. मी एकदा हेडवरचा पत्रा काढला तर आत पिंजर, सुतळीचे धागे आणि सोललेल्या भाताची टरफलं, सगळ्या फिन्स बुजलेल्या. वरून काहीही दिसत नव्हतं. तुमची अकरा वर्षं उभी होती, एवढं बघून घ्या.


अनगोळकर | रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. सांगितलेलं एकेक करून बघितलं. झाकण उघडलं, फुस्स नाही. धार अखंड. हेडचा पत्रा काढला, फिन्स स्वच्छ, पत्रा पूर्ण आहे, फक्त खालचा एक स्क्रू नव्हता तो लावला. तेल मी ४० मिलीच घालतो. वाढवायचं का, यावर अजून कुणी बोलेल का? काकांचा अनुभव मोठा आहे, पण जाम झाली तेव्हा सायलेन्सरमधून तेल गळत होतं, म्हणजे तेल पोचत होतं असं मला वाटतंय.


लेथवरचा | रात्री ११:२०

उशिरा वाचलं, आज कामावर जास्त वेळ गेला. मी उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात आहे, तीस वर्षं झाली. स्कूटरची इंजिनं हौसेने करतो.

अनगोळकर, एक विनंती. कार्बोरेटरला आता हात लावू नका. तुमची गाडी कुठून तरी हवा पितेय.

कशावरून म्हणतो ते सांगतो. टू स्ट्रोक इंजिन पोटाने श्वास घेतं. पिस्टन वर गेला की खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यात, ओढ बसते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा आपल्याकडच्या सिलिंडरसारखाच बंद डबा हवा. त्याला कुठंही फट असली की त्या फटीतून कोरडी हवा येते, जिच्यात पेट्रोल नाही आणि तेलही नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा असतो तेव्हा कार्बोरेटरमधून भरपूर मिश्रण येतं, त्यात ही चोरटी हवा थोडी. थ्रॉटल बंद केला की मिश्रण एवढंसं आणि चोरटी हवा तेवढीच. म्हणून रेस उतरत नाही. म्हणूनच जेट वाढवून चार दिवस बरं वाटलं आणि परत तेच झालं. कुठलाही जेट सगळ्या थ्रॉटलला ही फट भरून काढू शकत नाही.

अकरा वर्षं उभी असलेल्या गाडीत संशय पहिला ऑइल सीलवर, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यांवर. रबर वाळतं, ओठ कडक होतो. गॅरेजमध्ये इंजिन खोललं तेव्हा सील बदलले का? तुमच्या यादीत ते नाहीत.

काकांची क्षमा मागून तेलाबद्दल सांगतो. तेल वाढवलं की तेवढ्याच थेंबात पेट्रोल कमी होतं. म्हणजे मिश्रण आणखी कोरडं. ४० मिली ठीक आहे, तसंच राहू द्या.

घरी करायची चाचणी अशी. रक्तदाब मोजायच्या डायलवाल्या मशीनचा फुगा आणि डायल घ्या. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढा आणि त्यात तांब्याची नळी ब्रेझिंग करून घ्या, कुठलाही रेडिएटरवाला करून देईल. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचं रबर आणि जाड पट्टी आवळा. कार्बोरेटर काढून इनलेटलाही तसंच. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरची आणि खालची जागा एक होते. मग फुगा दाबा. डायल ३०० वर संपते आणि आपल्याला तेवढंच पाहिजे, साधारण ०.४ बार. जास्त दाब देऊ नका, चांगल्या सीलचाही ओठ उलटतो. काटा चार-पाच मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे हुडका. मॅग्नेट काढूनच करा, नाहीतर मुख्य जागाच दिसत नाही. मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोडी मारू नका.

त्याआधी दोन मिनिटांचं एक काम. गिअर बॉक्सचं थोडं तेल वाटीत काढा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर चेनकडचं सील गेलं. नाही आला तर आधी मॅग्नेटकडे बघा.


विजयसुपर | सकाळी ६:५५

मी चिकोडीची. आजोबांची १९८२ची विजय सुपर आहे, लखनौची. दादा, तुमचं वाचून माझ्या गाडीचं कळल्यासारखं झालं, पण विचारते. माझी रेस उतरते. त्रास हा आहे की निळसर धूर थांबत नाही आणि दर महिन्याला गिअरचं तेल कमी भरतं. खाली एक थेंब गळत नाही. दोन ठिकाणी दाखवली, दोघांनी रिंगा बदलायला सांगितल्या. रिंगा बदलून घेतल्या, धूर तसाच. हेसुद्धा सीलच का?


लेथवरचा | सकाळी ८:१०

ताई, अगदी तेच, फक्त दुसऱ्या बाजूचं. इंजिनची मांडणी दोन्ही गाड्यांची सारखीच आहे. एका बाजूला मॅग्नेट, दुसऱ्या बाजूला चेन आणि क्लच, आणि ती चेन गिअरच्या तेलातच फिरते. चेनकडचं सील गेलं की क्रँककेस हवेऐवजी गिअरचं तेल ओढून घेतो आणि जाळतो. म्हणून खाली थेंब नाही आणि मागं धूर. रिंगांचा काही संबंध नव्हता. तुमची गाडी त्यामुळे जाम होणार नाही, पण गिअर बॉक्स कोरडा पडेल. तेल तपासत राहा.

ते सील बदलायला क्लच, चेन, पुढचं स्प्रॉकेट सगळं उतरवावं लागतं. त्यामागं एक गोल प्लेट असते, तिचे स्क्रू खोलगट डोक्याचे. त्यांची डोकी पहिल्या फेरीतच खराब होतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळवा आणि मगच हात घाला.


अनगोळकर | रविवार, दुपारी ३:३०

चाचणी केली. सविस्तर सांगतो.

गिअरच्या तेलाला फक्त तेलाचाच वास. मग प्लगची नळी करून आणली. बीपीचं मशीन विकत घ्यावं लागलं नाही, कपाटात बाबांचंच होतं. शेवटची दोन वर्षं रोज सकाळी मीच त्यांचं बघायचो, तो फुगा हाताला ओळखीचा होता. काटा ३०० वर नेला आणि हात सोडला. वीस सेकंदांत शंभराच्या खाली.

मुलगा बॅटरी धरून बसला, मी ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. हेडला काही नाही. सिलिंडरच्या बुडाला काही नाही. इनलेटला काही नाही. मॅग्नेटकडच्या फ्लँजला (सील आणि बेअरिंग धरणारं गोल झाकण) खालच्या बाजूला ब्रश टेकवला आणि मोहरीएवढे बुडबुडे रांगेने यायला लागले, एकामागून एक, न थांबता. पुसलं तरी परत तिथंच. शाफ्टभोवती, सीलच्या ओठापाशीही फेस धरला, पण तो कमी. मोठी गळती फ्लँजच्या कडेला.

फ्लँज उतरवला. इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेवर दोन खोल ओरखडे आहेत, नख अडकतंय. कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून फ्लँज उचकटलाय. आणि आत सील जुनंच, ओठ बटणासारखा कडक. म्हणजे नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या आणि ज्या पाच मिनिटांच्या वस्तूमुळे तो पिस्टन जगणार, ती तशीच ठेवली. मला याचा फार राग आला. पैशांचा नाही. मी त्या माणसासमोर उभा राहून विचारलं होतं, 'सगळं बदललंत ना?'


जुनाबाजार | दुपारी ४:२०

अनगोळकर, माझा तेलाचा सल्ला मागे घेतो. लेथवरचा यांनी बरोबर सांगितलं. इतकी वर्षं मी जामला तेल हेच औषध समजत आलो. फ्लँज जपून ठेवा, नवा मिळायला कठीण जाईल. ती धातू मऊ असते, उद्यमबागेतच काम करून घ्या.


लेथवरचा | दुपारी ५:००

फ्लँज घेऊन या. कडा आमच्या सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाट) निळा रंग लावून बघू, सपाट असेल तिथंच तो लागतो. ओरखडा आहे म्हणून मशीनवर घेऊन धातू काढायची घाई नको, आतली रोलर बेअरिंगची जागा सरकायला नको. बारीक पेपरवर आठच्या आकड्यात घासत घासत उतरवू. जिथं अगदी खोल राहील तिथं पेट्रोलला टिकणारं सीलंट पुसटसं.

सील आम्ही मापाने हुडकू. वर्निअरने बाहेरचं, आतलं आणि जाडी घ्यायची. आपल्या गावात हायड्रॉलिकचे कारखाने आहेत म्हणून ही एक चैन आहे. सीलच्या दुकानात जाऊन व्हायटनचं (पेट्रोलला टिकणारं रबर) मागितलं तर हातात मिळतं. पुण्या-मुंबईची वाट बघावी लागत नाही. साधं नायट्राइल रबर घेऊ नका, पेट्रोल बदललंय.


तवंदीघाट | रात्री ९:१५

या पेट्रोलबद्दलच विचारायचं होतं. २० टक्के इथेनॉलवालं आल्यापासून माझ्या गाडीची सगळी गणितं बिघडली. नळ्या फुगतात, फ्लोटची सुई चिकटते. आमच्याकडं चारी बाजूंनी ऊस आणि साखर कारखाने, इथेनॉल त्याच उसाचं. भावाचा ऊस तिकडंच जातो. त्यामुळं नको म्हणायलाही जीभ धजत नाही, पण गाडीचं काय करायचं?


लेथवरचा | रात्री १०:००

ऊस पिकवणाऱ्याला दर मिळावा, याबद्दल दुमत नाही. गाडीला मात्र तीन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली जेटची. साध्या पेट्रोलला जळायला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. २० टक्क्यांना साधारण ८ टक्के. जुना जेट तेवढाच ठेवला तर गाडी आपोआप कोरडी चालते. त्यामुळे अनगोळकरांनी दोन नंबर वाढवलेला जेट मी लगेच खाली आणा म्हणणार नाही. फट बुजवून झाल्यावर प्लग बघून ठरवू.

दुसरी पाण्याची, आणि टू स्ट्रोकवाल्यांनी ही नीट वाचावी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी दोन महिने उभी केली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बसतो. आपण घातलेलं तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. कॉक तर तळातून घेतो. म्हणजे पहिल्या किकला इंजिनात बिनतेलाचं पाणचट इंधन जातं. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात तर विचारायलाच नको. जूनआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा, किंवा गाडी दर आठवड्याला चालवा. चालवणं उत्तम.

तिसरी रबराची. नळी, कॉकचा वॉशर, सील हे सगळं इथेनॉलला टिकणारं घ्या. फुगलेली नळी कापून परत वापरू नका.


विजयसुपर | रात्री १०:४०

एक विषय सोडून विचारते. आरसीची मुदत संपून तीन वर्षं झाली. एक जण म्हणाला व्हिंटेजमध्ये नोंद कर, एकदाचं मिटेल. खरं का?


जुनाबाजार | सकाळी ७:००

नाही बाळ, तुझी बसत नाही. २०२१च्या नियमाने व्हिंटेजसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी पाहिजे, तुझी १९८२ची. शिवाय त्या नोंदणीची नवी फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुला तर कॉलेजला न्यायची आहे. नेहमीच्या नूतनीकरणाचा अर्ज, २५ नंबरचा फॉर्म, भर. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचं असतं. उशिराचा दंड लागेल, तो भरून टाक. तपासणीला नेशील त्या दिवशी तेवढा धूर नको, म्हणजे आधी सील कर.


अनगोळकर | पुढचा रविवार, रात्री ८:३०

उद्यमबागेत शनिवारची अर्धी दुपार गेली. फ्लँजच्या कडेला निळं लावून प्लेटवर फिरवला तर निळं फक्त दोन तुकड्यांना लागलं, बाकीची कड हवेतच होती. आम्ही आळीपाळीने घासत बसलो. दर पाच मिनिटांनी पुसायचं, निळं लावायचं, बघायचं. दीड तासाने कडेची निळी रेघ पूर्ण गोल जुळली, एका ओरखड्यापाशी केसाएवढी तुटक. लेथवरचा म्हणाले, बास, आता सीलंट.

सील बसवायची त्यांची पद्धत बघण्यासारखी. फ्लँज उकळत्या पाण्यात ठेवला, बाहेर काढून फडक्याने पुसला आणि सील दोन अंगठ्यांनी नुसतं दाबलं, बसलं. हातोडी नाही, पाइप नाही. क्रँकच्या टोकाला जुन्या ओठाने एक चकाकती खाच पाडली होती, म्हणून सील जरा आत, मिलिमीटरभर, बसवलं. म्हणजे नवा ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. हे मला कधी सुचलं नसतं.

सिलिंडरही उतरवला होता. एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला पुसलं गेलं होतं, ते पेपरने साफ झालं. पिस्टनवरचे वर आलेले ठिपके उतरवले. रिंगा मोकळ्या आहेत, बोअर परत करावा लागला नाही. जोडल्यावर परत फुगा. ३०० वर काटा ठेवून आम्ही चहा घेतला. चहा संपला तेव्हा २९० होता.

आज पहाटे निघालो. पिरनवाडीपर्यंत हात क्लचवरच होता. किणयेला मुद्दाम थांबलो, थ्रॉटल सोडला. रेस खाली आली. टक, टक, टक, सावकाश, प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल अशी. बाबा भाजीवाल्याशी बोलत उभे असायचे तेव्हा गाडी अशीच चालू असायची. मी पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहिलो.

कुसमळीचा चढ तिसऱ्या गिअरला, न तक्रार करता. जांबोटीच्या पुढं सरळ रस्त्याला थ्रॉटल पूर्ण देऊन, एकदम बटण दाबून क्लच ओढला आणि बाजूला घेऊन प्लग बघितला. भाजक्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग, कडेला किंचित गडद. जेट दोन नंबर जास्तच राहू देतोय. कणकुंबीला पोचलो, माउलीचं दर्शन घेतलं, मलप्रभेच्या उगमाच्या कुंडापाशी बसून डबा खाल्ला आणि परत आलो. नव्वदेक किलोमीटर झाले.

आता मागच्या हबचा नट परत एकदा लांब पाइप लावून आवळणार आहे, परतीला ब्रेक मारताना एक बारीक 'टक्' ऐकू आला. तो ढिला राहिला तर शाफ्टचे दाते खाऊन टाकतो असं वाचलंय.


लेथवरचा | रात्री ९:१०

हबचा नट आजच रात्री आवळा, उद्यावर ठेवू नका. आणि तीनशे किलोमीटर झाले की हेडचे नट गार इंजिनावर बघा.


तवंदीघाट | रात्री ९:४०

वाचून अंगावर काटा आला. अनगोळकर, ती प्लगची नळी आणि पट्ट्या मला चार दिवस द्याल का? मी बुधवारी बेळगावला येतोय.


अनगोळकर | रात्री १०:००

जरूर. पण आधी चिकोडीच्या ताईंना पाठवतोय, त्यांना तपासणीला गाडी न्यायची आहे. त्यांच्याकडून निपाणी जवळच आहे, तिथून घ्या. फुगा जुना आहे, रबर तेवढं जपा.


विजयसुपर | गुरुवार, रात्री ९:२५

मिळालं, काका. आजच लावून बघितलं. काटा उतरला, पण वरून कुठंच बुडबुडा दिसेना. मग दादांनी सांगितल्याप्रमाणे क्लच उतरवून चेन काढली आणि प्लेटवर पाणी लावलं. शाफ्टभोवती गोल फेस. प्लेटचे तीन स्क्रू सुटले, चौथ्याचं डोकं आधीच कुणीतरी खाल्लंय. उद्या इम्पॅक्ट ड्रायव्हर आणते. तवंदीघाट दादा, तुम्हाला शनिवारपर्यंत थांबावं लागेल.